अध्यक्षताई, सही सगळ्यात शेवटी

पूर्व नागपुरातल्या एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश आधी देते.

ताई घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. यजमान ऑटो चालवतात. मुलगी महापालिकेच्या मराठी प्राथमिक शाळेत आहे, यंदा चौथीत जाईल. शाळा पहिली ते पाचवी, पट १०४. काही वर्षांपूर्वी तो दीडशेच्या पुढे होता. मागच्या वर्षी पालकसभेत कुणीच हात वर करेना, तेव्हा ‘तुम्ही बारावी शिकल्या आहात’ म्हणून ताईंना शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलं. त्यानंतर बैठक अशी झालीच नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकीचं काम पाहणाऱ्या मॅडमचा निरोप आला. ताई शाळेत गेल्या तर रजिस्टरमध्ये ठराव आधीच लिहून तयार होता, मागे बिलं टाचलेली होती: रंगकाम, प्रिंटरची शाई, खेळाचं साहित्य. ‘करून टाका ताई सही, एकतीस तारखेच्या आत पैसे खर्ची पडले नाहीत तर परत जातील.’ ताईंनी सही केली. रंग मात्र त्यांना एकाच वर्गाला लागलेला दिसला. मुलींच्या संडासाला अजून कडी नाही, नळाला पाणी नाही. वस्तीतल्या बाया ‘तुलेही भेटलं असन काही’ म्हणून हसतात. यजमान म्हणतात, ‘काहून पडली या भानगडीत?’ त्यात ही शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जोडणार अशी कुणकुण आहे. एका स्थानिक पुढाऱ्याला शाळेच्या मैदानावर लग्नाचा मांडव टाकायचा आहे आणि तो समितीचं पत्र मागतो आहे. शेवटच्या पानावर ताईंनी ‘खरी गोष्ट’ लिहिली आहे: मुलीला यंदा खासगी इंग्रजी शाळेत घालायचं घरात जवळपास ठरलं आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तोवर ठरवायचं आहे, पुढच्या कागदांवर गुमान सही करायची, तक्रार करायची की राजीनामा द्यायचा.

ताई, नमस्कार.

तुम्ही तीन वाटा लिहिल्या आहेत. चौथी तुमच्या पत्रातच आहे, फक्त ती तुम्ही दुसऱ्या पानावर, जाता जाता लिहून टाकली: ‘बैठक अशी झालीच नाही.’ माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडलं आहे. सहीचा प्रश्न नंतरचा.

तुम्ही स्वतःला ‘सहीपुरती अध्यक्ष’ म्हणता. कायदा तसं म्हणत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नं ही समिती आली. महाराष्ट्रात तिच्यात १२ ते १६ जण असतात. त्यातले पाऊण पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बाया, अध्यक्ष पालकांतूनच, आणि मुख्याध्यापक सचिव. बैठक महिन्यातून एकदा. शाळेचं कामकाज पाहणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकारकडून, महापालिकेकडून किंवा आणखी कुठून आलेला पैसा कसा खर्च होतो त्यावर लक्ष ठेवणं, ही समितीची कामं कायद्यात लिहिलेली आहेत. म्हणजे मॅडम तुमच्यावर उपकार करून रजिस्टर दाखवत नाहीत, आणि तुम्हीही त्यांच्यावर उपकार म्हणून सही करत नाही. पैसा कशावर खर्चायचा हे आधी ठरतं, मग खर्च होतो, मग बिलं तपासली जातात आणि सगळ्यात शेवटी सही होते. तुमच्या शाळेत हे सगळं उलट्या टोकाकडून सुरू झालं. कापड कापून झाल्यावर माप घेण्यात अर्थ नसतो, हे शिवणकाम करणाऱ्या बाईला मी काय सांगायचं!

आता दुसरी गोष्ट, आणि ती तुम्हाला कदाचित रुचणार नाही. मॅडमनी पैसे खाल्ले, असं तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते जाणवतं. खाल्ले असतीलही. पण तुम्ही जे पाहिलं त्यावरून ते सिद्ध होत नाही. तुमच्या शाळेचा पट १०४. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ९१ ते १२० मुलं असली की चार शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेच्या वर मुलं असली तरच. म्हणजे तुमच्या मॅडम बहुधा प्रभारी असणार, एक वर्ग त्यांच्याही अंगावर असणार. महापालिकेच्या प्राथमिक शाळेत सहसा कारकून नसतो. पोषण आहाराच्या नोंदी, सरकारी यु-डायस पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, मुलांची आधार जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, वरून मागतील ते तक्ते, मध्येच निवडणुकीचं काम, आणि उरलेल्या वेळात कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायची. अनुदान पुष्कळदा आर्थिक वर्ष सरत आल्यावर पोचतं. मार्चअखेर ते खर्ची पडलं नाही तर हातचं जातं, हे मॅडमचं म्हणणं खोटं नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा पैसा आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. शून्य शिल्लक खातं असतं, वरून खर्चाची मर्यादा मिळते, आणि वर्ष संपलं की न वापरलेली मर्यादा संपते. अशा घाईत दुकानदाराकडून बिल आधी येतं, ठराव नंतर लिहिला जातो, आणि अध्यक्षांना शेवटी निरोप जातो. ही पद्धत चुकीचीच. पण चुकीची पद्धत आणि चोरी यांतला फरक कपाट उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा कपाट उघडून पाहा. शब्दशः. खेळाचं साहित्य घेतलं असेल तर त्याची नोंद साठा नोंदवहीत, डेडस्टॉक रजिस्टरात असायला हवी आणि वस्तू शाळेत असायला हवी. रंगाच्या बिलावर किती लिटर, कोणत्या खोल्या, मजुरी किती, हे लिहिलेलं असायला हवं. एकच वर्ग रंगवला आणि बिलही एकाच वर्गाचं असेल तर विषय तिथंच मिटला. बिल पाच वर्गांचं निघालं तर विषय तिथून सुरू होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास मागून घ्या. एकट्या जाऊ नका, समितीतली आणखी एक पालक सोबत न्या. दोघी असल्या की मॅडमना तो झगडा वाटत नाही आणि उद्या ‘अध्यक्षबाई असं म्हणाल्या’ची अफवाही होत नाही. म्हणायचं इतकंच: ‘मॅडम, वस्तीत लोक आम्हाला विचारतात. आम्हाला सांगता आलं पाहिजे. कीर्द आणि व्हाउचरची फाइल एकदा बसून दाखवाल का?’ सरळ मनाच्या माणसाला या वाक्याचा राग यायचं कारण नाही. उलट पुष्कळ मुख्याध्यापकांना हिशेब वाचणारा अध्यक्ष हवाच असतो, कारण लेखापरीक्षणात उत्तर देताना तेही एकटेच पडलेले असतात.

मार्चमधल्या सहीची भीती तुम्ही तीनदा लिहिली आहे. सही झाली, ती मागे घेता येत नाही, आणि घ्यायला जाऊही नका. जुन्या ठरावात खाडाखोड, मागची तारीख घालून नवा कागद, असलं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुमच्या हातात आहे ते असं: पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘गतवर्षीच्या अनुदान खर्चाचा आढावा’ हा विषय घ्यायचा, बिलं सर्वांसमोर वाचायची आणि जे आढळलं ते त्या दिवशीच्या तारखेनं इतिवृत्तात लिहून घ्यायचं. आपण पाहिलं, विचारलं आणि लिहून ठेवलं, याचा पुरावा तयार होतो. यजमानांना जी भीती वाटते ती खोटी नाही. कागदावर नाव तुमचं आहे, त्यांचं नाही, आणि गरिबाच्या घरात कागदाचा धाक असतोच. त्यांना ‘तुम्हाला काय समजते’ म्हणू नका. हे इतिवृत्त त्यांना वाचून दाखवा.

यापुढच्या सहीचे नियम साधे ठेवा. रिकाम्या चेकवर कधीच नाही. ठरावाखाली मोकळी जागा असेल तर आडवी रेघ मारून मग सही, आणि सहीखाली तारीख तुमच्याच हातानं. बैठक झालीच नसेल तर बैठकीच्या ठरावावर सही नाही. ‘मॅडम, चला, आत्ता फोन करून बोलावू, जितके येतील तितके’ म्हणा. पंधरा मिनिटांत सहा-सात पालक गोळा करणं वस्तीत अवघड नसतं.

आता पैशाचा आकडा पाहू, कारण वस्तीत ‘लाखो रुपये येतात’ असं बोललं जातं असं तुम्ही लिहिलंत. समग्र शिक्षातून शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत मुलं असतील तर वर्षाला ५०,००० रुपये. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत असतील तर २५,०००. यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. म्हणजे तुमच्या शाळेची कागदावरची रक्कम पन्नास हजार. त्यातूनच विजेचं किरकोळ काम, खडू-कागद, तुटलेल्या वस्तूंची दुरुस्ती. हा आकडा एकदा लोकांना कळला की निम्म्या कुजबुजी आपोआप थांबतील. शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक कागद लावायचा: किती आले, कशावर गेले, किती उरले. मराठीत आणि खाली हिंदीत, कारण तुमच्या वस्तीतल्या निम्म्या घरांत हिंदी बोलतात असं तुम्हीच म्हणता. बिलांचे फोटो मात्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथं हिशेब होत नाही, नुसता तमाशा होतो.

आणि संडासाची कडी! ताई, पत्रात हे वाक्य रंगकामाच्या नंतर आलं. माझ्या मनात ते सगळ्यांच्या आधी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायची सोय नाही. त्या शाळेत रंग कोणता लावला याला काय किंमत! कडी, तोटी, बादली, मग, फिनाइल, सफाईचं साहित्य हे सगळं स्वच्छतेच्या पाच हजारांत सहज बसावं. अध्यक्ष म्हणून एकच गोष्ट करायची असेल तर पहिल्या बैठकीत हा पहिला ठराव करा आणि आठवडाभरात काम करून घ्या. एक काम डोळ्यांना दिसलं की पुढच्या बैठकीला पालक येतात. नाहीतर हात वर करायला कुणी का यावं?

पाण्याची टाकी, पाइपलाइन, गळणारं छत, संरक्षक भिंत ही मात्र या पैशातली कामं नव्हेत. इमारत महापालिकेची, काम महापालिकेचं. त्यासाठी समितीचा ठराव जोडून अर्ज झोन कार्यालयात आणि शिक्षण विभागात द्यायचा, दोन प्रती करून एकीवर पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज आपल्याकडे दिलेलाच नसतो, हे तुम्हाला रेशन कार्डाच्या कामात कळलंच असेल. वेळही महत्त्वाची. महापालिकेचा पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हलू लागतो. मागणी त्याच्या बरीच आधी, दिवाळीच्या आसपास, आत गेलेली बरी. इथंच शाळा विकास आराखडा उपयोगी पडतो. कलम २२ प्रमाणे तो समितीनं करायचा असतो, आणि अनुदानाचा आधार तोच आहे. बहुतेक शाळांत तो मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. तुम्ही तो शाळेत फिरून करा. चार पालक, एक शिक्षिका, दोन मुलं. कुठं पाणी साचतं आणि कुठला पंखा फिरत नाही, हे मुलांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

समितीत महापालिकेच्या लोकप्रतिनिधीसाठीही जागा आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं नागपुरात प्रशासकाचाच कारभार होता. तेव्हा ती खुर्ची रिकामी असणं समजण्यासारखं होतं. जानेवारी २०२६ ची निवडणूक झाल्यावर ती सबब उरलेली नाही. बैठकीची सूचना तुमच्या प्रभागातही पाठवा. न आले तर ‘अनुपस्थित’ लिहा.

मैदानाचं उत्तर छोटं आहे. मैदान महापालिकेचं, समितीचं नव्हे. ‘परवानगी देण्याचा अधिकार आम्हाला नाही, झोनमध्ये अर्ज करा’, इतकं म्हणायचं. कोणतंही पत्र द्यायचं नाही. पुढारी नाराज होईल. होऊ द्या.

शाळा जोडण्याच्या कुणकुणीवर मी थोडी थांबणार आहे, कारण तुमच्यासारखी पत्रं मला वस्त्यावस्त्यांतून येतात आणि सगळ्यांत एक गृहीत असतं: शाळा बंद होणं म्हणजे अन्याय. नेहमीच तसं असतं का? पट साठावर आला तर कायद्याप्रमाणे दोनच शिक्षक. पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यातले एक मुख्याध्यापकीच्या कागदात बुडालेले. ती मुलं अर्धा दिवस फळ्यावरचं उतरवत बसतात. त्यापेक्षा दीडशे मुलांची, वर्गाला शिक्षक असलेली शाळा पाचशे पावलांवर असेल तर मुलांचं भलं कशात आहे, हे समितीनं मोकळ्या मनानं विचारलं पाहिजे. शाळेची इमारत वाचवणं आणि मुलांचं शिक्षण वाचवणं ही दर वेळी एकच लढाई असेल असं नाही.

पण तुमच्या बाबतीत मोठा रस्ता मध्ये आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तुम्ही म्हणता ती पलीकडची शाळा त्या अंतरात बसते. कागदावर वाद संपला. पण ट्रकची वर्दळ असलेला रस्ता सहा वर्षांच्या पोरानं रोज दोनदा ओलांडायचा, आणि आई-बाप दोघंही कामावर, तेव्हा आधी शाळेत यायचं कोण बंद होतं? लहान मुली. समितीनं मांडायचा मुद्दा हाच. किती मुलं रस्त्याच्या या बाजूला राहतात, त्यांतल्या किती जणांना सोडायला मोठं माणूस नाही, याची घरोघरी जाऊन यादी करा. भाषणापेक्षा ती यादी शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जास्त बोलेल. आणि आधी लेखी विचारून घ्या, असा काही प्रस्ताव आहे का. कुणकुणीविरुद्ध मोर्चा काढला की घाबरलेले पालक दाखले काढून नेतात आणि अफवा स्वतःलाच खरी करून घेते.

कारण पटाचा हिशेब बेरकी आहे. संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात, शिक्षकांची पदं त्यावर ठरतात. तुमच्या १०४ मधली चार मुलं गेली तर अनुदान पन्नासाचं पंचवीस हजार. चौदा गेली तर कायद्याच्या हिशेबानं चार शिक्षकांचे तीन.

आणि त्या मुलांतली एक तुमची असणार आहे. तुम्ही हे ‘खरी गोष्ट’ म्हणून, जणू गुन्हा कबूल करावा तसं लिहिलंत. तो गुन्हा नाही. शाळेचा पट राखणं हे कुठल्याही मुलीवर ओझं म्हणून टाकायचं नाही, अध्यक्षांच्या मुलीवरही नाही. फक्त निर्णय घेताना जे गृहीत धरलं आहे ते एकदा तपासा. ‘इंग्रजी शाळा’ म्हणजे चांगली शाळा, असं पत्रात चार ठिकाणी आहे. त्या शाळेत तुमच्या लेकीसारखी, घरी मराठी बोलणारी, तिसरी-चौथीतली मुलं कशी वाचतात, हे पाहिलंत? एखाद्या शेजारणीच्या मुलाला पुस्तकातलं अर्धं पान वाचायला आणि मग ते मराठीत सांगायला लावा. सांगता आलं तर शाळा शिकवते आहे. नुसतं घडाघडा वाचून दाखवलं तर त्याला वाचलेलं समजतंय का, ते आणखी विचारून पाहा. मग खर्च मांडा, फीच्या पलीकडचा: व्हॅन, पुस्तकं, दोन गणवेश, बूट, आणि घरी इंग्रजी घेणारं कुणी नाही म्हणून लावावी लागणारी शिकवणी. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांची आशा कुणी दाखवत असेल तर त्या जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातच असतात, चौथीत नाहीत. ऑटोचा धंदा पावसाळ्यात कसा असतो हे तुम्ही जाणता. सहावीत फी थकून पोरीला परत आणावं लागलं, तर तिला दोन्हीकडचं अर्धंमुर्धं मिळतं.

आणखी एक वाट आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, अशा सेमी-इंग्रजी वर्गाची मागणी समिती ठरावानं करू शकते. महापालिकेनं अलीकडे काही इंग्रजी माध्यमाच्या शाळाही सुरू केल्या आहेत. तुमच्या भागातून तिथं जाणं जमेल का, जागा आहे का, हे शिक्षण विभागात विचारायला काय हरकत? सेमी मिळेलच असं सांगत नाही. शिकवणारा शिक्षक नसेल तर नुसत्या पाटीचा फायदा नाही, आणि तसा वर्ग मागूही नये. पण पट का गळतो, याचं तुमच्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर शेवटच्या पानावर आहे. तुम्हाला जे हवं आहे तेच बाकीच्या शंभर घरांनाही हवं असणार. हा विषय बैठकीत मांडायला अध्यक्षाइतकं योग्य माणूस दुसरं कोण?

एवढं करून मुलीला हलवायचं ठरलं तर खुशाल हलवा. दाखला अडवून ठेवता येत नाही, तो लगेच द्यायचा असतो. मुलगी शाळेत नसली की पालक म्हणून समितीत राहण्याचा आधारही जातो, तेव्हा राजीनाम्याचा वेगळा विचार करायची गरज उरत नाही. नव्या शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, त्याचं सदस्यत्व पालक म्हणून आपसूक येतं; २०११ च्या महाराष्ट्राच्या फी नियमन कायद्यानं फीच्या बाबतीत त्याच्या कार्यकारी समितीला म्हणणं मांडायचा हक्क दिला आहे. तिथंही बैठकीला जा. फक्त जाण्याआधी इथला आढाव्याचा विषय पुरा करा, आणि जिला हिशेब कळतो अशी एक पालक पुढे करा. मधेच सोडून गेलात तर मार्चचं ते पान तुमच्या नावावर तसंच राहील.

मुलगी याच शाळेत राहिली, तर माझा कौल स्पष्ट आहे: अध्यक्षपद सोडू नका, निदान ही दोन वर्षांची मुदत तरी.

तक्रारीचं काय, असं तुम्ही विचाराल. मॅडमनी कीर्द दाखवायला नकार दिला, किंवा बिल आणि वस्तू जुळेनात, तर पायऱ्या आहेत. आधी समितीचा लेखी अर्ज शाळा निरीक्षकांकडे, मग शिक्षणाधिकाऱ्यांकडे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. माहितीचा अधिकार शेवटी ठेवा: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर. पहिल्याच दिवशी तो अर्ज टाकला तर कागद मिळतील, पण मॅडम आणि पालक दोन बाजूंना उभे राहतील, आणि मधली शंभर मुलं तशीच राहतील. जिथं दार उघडं आहे तिथं कडी कशाला वाजवायची? आधी दार उघडं आहे का ते पाहा.

शाळा उघडली की पहिल्याच शनिवारी मॅडमना एक अर्ज द्या. मसुदा असा ठेवता येईल: ‘प्रति, सचिव, शाळा व्यवस्थापन समिती. जुलै महिन्याची मासिक बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर बोलवावी, ही विनंती. विषय: मुलींच्या स्वच्छतागृहाची तातडीची दुरुस्ती, गतवर्षीच्या अनुदान खर्चाचा आढावा, चालू वर्षाचा शाळा विकास आराखडा, सेमी-इंग्रजी वर्गाबाबत पालकांचं मत, शाळा समायोजनाबाबत (शाळा जोडण्याबाबत) शिक्षण विभागाकडे विचारणा.’ खाली तुमची सही, आणि जमलं तर आणखी पाच पालकांच्या. अंगठा असेल तरी चालतो, बाजूला नाव लिहून घ्या. दोन प्रती करा आणि एकीवर शाळेचा शिक्का मारून घ्या. लग्नसराईची शिलाई तोवर उरकलेली असेल. नसली तर बैठक रविवारची ठेवायला सांगा, वेळ ठरवताना अध्यक्षांची सोयही पाहायची असते.